घरच्या फोनचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला घरखर्चावर दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, तेल, डाळ आणि गॅस यांवर आपल्याकडे इतक्या वेळा भाषणे झाली आहेत की आता तेलालाच आपली दया येत असेल. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्ही फोनवर बोला. गुरुवारी तुम्ही बायकांना घेऊन बसता, ते काय आहे ते सगळ्यांना कळू द्या." म्हणून आज हा विषय घेऊन उभी आहे. मी काही यंत्रातली जाणकार नव्हे. चाळीस वर्षे हिशेबाची वही लिहिली, एवढेच माझे भांडवल.

प्रथम थोडे मागचे सांगते. आपल्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना आठवत असेल की फोन ही घरातली वस्तू नव्हती, ती शेजारच्यांच्या घरातली वस्तू होती. आपल्या पत्त्याखाली त्यांचा नंबर आणि पुढे 'पी. पी.' ही अक्षरे लिहावयाची. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसावयाचे. अर्जंट लावला तर दुप्पट पैसे. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्येच आठवण करून देई आणि मग कोणाच्याही तोंडून धड शब्द फुटत नसे. माझे लग्न ठरल्याचे आमच्या अण्णांनी मामांना अशाच तीन मिनिटांत सांगितले. त्यांतली दोन मिनिटे "ऐकू येतंय का?" यातच गेली.

मध्यस्थाशिवाय परगावी नंबर फिरवण्याची सोय, जिला आपण एस.टी.डी. म्हणत होतो, ती आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली. आपल्या गल्लीत पिवळ्या पाटीची बूथ आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून जेवणे उरकून रांगेत उभे राहावयाचे आणि समोरच्या यंत्रावरचे तांबडे आकडे पळताना पाहत बोलावयाचे. त्या आकड्यांमुळे आपल्याला बोलण्याचा खर्च डोळ्यांनी दिसत होता, ही त्यातली चांगली गोष्ट. पुढे १९९५ मध्ये मोबाईल आला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. मग आपण मिस्ड कॉलची भाषा काढली. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे फोन फुकट झाले. २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला एक रुपया केला, आणि २०१६ नंतर तर बोलण्याचे वेगळे पैसे मोजणेच जवळजवळ संपले.

येथेच आपली गफलत होते, भगिनींनो. बोलणे फुकट झाले असे आपण धरून चाललो, आणि वहीत फोनचे पान लिहावयाचे सोडून दिले. माझ्या वहीत दुधाचे पान आहे, इस्त्रीचे पान आहे, देवाला वाहिलेल्या फुलांचेही आहे. फोनचे नव्हते. मुलगा कधी भरी, यजमान कधी भरीत, सासूबाईंचा कोपऱ्यावरचा दुकानदार भरी. २०२४ च्या जुलैत खाजगी कंपन्यांनी दर वाढवले आणि घरात कुरकुर झाली, तेव्हा मी वही उघडली.

मुलगा आणि सूनबाई आपापले भागवतात, ते सोडून देऊ. राहिले तीन फोन: यजमानांचा, माझा आणि सासूबाईंचा. तिघांचेही २९९ रुपयांचे, २८ दिवसांचे. आता हे २८ दिवस लक्षात घ्या. आपण त्याला महिना म्हणतो, पण वर्षाचे महिने बारा आणि असे हप्ते तेरा होतात. एका फोनचे वर्षाला ३,८८७ रुपये आणि तिघांचे ११,६६१ रुपये. घरात वायफायची जोडणी आहे, तिचे वेगळे. जाहिरातीत ४९९ लिहिलेले असते आणि बिलात अठरा टक्के कर चढून ५८९ होतात. रिचार्जच्या रकमेत मात्र कर आधीच धरलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात न घेतल्यास तुलना चुकते. मी स्वतः एकदा चुकले.

आता मी ज्यासाठी उभी आहे ते सांगते. ते सांगावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. यजमान म्हणाले, "सांग. लपवून काय उपयोग?"

माझ्या थोरल्या वन्सं देवरुखजवळ एका वाडीत एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. घर सोडून यावयाला तयार नाहीत. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्याचे पैसे येथून आम्ही भरीत होतो. जुलैत मी वही घेऊन बसले, तेव्हा वन्संच्या नावापुढेही तेच २९९. मला वाटले, या बाईंना इंटरनेट काय करावयाचे? त्या स्वतः फोन करीत नाहीत, आपणच करतो. येणारे फोन तर २००३ पासून फुकट आहेत. मग भरावयाचे कशाला? वहीत मी त्या ओळीवर काट मारली. काटकसर केल्याचे समाधानही वाटले, खोटे कशाला बोलू.

माझी माहिती जुनी होती. एके काळी आजन्म मुदतीची कार्डे निघाली होती, त्यांत पैसे भरले नाहीत तरी फोन येत राही. २०१८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनी ती पद्धत मोडली आणि ठराविक मुदतीत किमान रिचार्ज आवश्यक केला. मुदत संपली की आधी आपण फोन करणे बंद होते, आणि काही दिवसांनी आपल्याला येणारे फोनही बंद होतात. तशी सूचना येते खरी, पण ती त्याच फोनवर येते, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. वन्संनी ती बहुधा पाहिलीही नसेल.

नारळी पौर्णिमेला यजमानांनी बहिणीला फोन केला. लागला नाही. आम्ही म्हटले, कोकणातला श्रावण, वीज गेली असेल, टॉवर बंद असेल. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. दर वर्षी पावसात असे होतेच, म्हणून कोणाच्या मनात काही आले नाही. पाचव्या दिवशी वाडीतल्या एका मुलाने आपल्या फोनवरून आम्हांला कळवले की, काकू पडल्या होत्या, मनगट मोडले आहे, देवरुखला नेऊन प्लास्टर घातले.

आम्ही दोघे त्याच रात्रीच्या गाडीने गेलो. वन्सं पडवीत बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. परसात विहिरीकडे जाताना शेवाळावरून पाय घसरला. फोन कमरेलाच होता. डाव्या हाताने त्यांनी माझा नंबर दाबला. मी विचारले, "मग?" त्या म्हणाल्या, "अगं, एक बाई बोलत होती. हिंदीत का कशात. मला वाटलं तुझ्याकडे कोणी पाहुणी आलीय. तिला म्हटलं, बाई गं, माझ्या भावजयीला सांग, मी पडले आहे म्हणून. तिने ठेवून दिला. मी पुन्हा केला, पुन्हा तीच. मग म्हटलं, तुम्ही कामात असाल."

तास दीड तास त्या तशाच बसून होत्या. दूध घालणारा आला तेव्हा त्याने उठवले.

वन्संनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, कारण रिचार्ज मी थांबवला होता हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते मी त्यांना तेथेच सांगितले. त्या म्हणाल्या, "किती वाचले?" मी म्हटले, "दोनशे नव्व्याण्णव." त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "प्लास्टरला त्याच्यापेक्षा जास्त लागले गो." त्या हसल्या म्हणून मीही हसले, पण परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी हा विषय नीट शिकून घ्यावयाचे ठरवले. शिकले ते कोणत्या क्रमाने शिकले, तसेच सांगते.

पहिली गोष्ट, प्रत्येक फोन कशाकरिता आहे हे घरात बसून विचारावे. किती पैसे लागतात हा प्रश्न त्यानंतरचा. आमच्या सासूबाईंना बोलावयाचे असते आणि त्यांचे औषधाचे, बँकेचे निरोप यावे लागतात. इंटरनेटशी त्यांचा संबंध नाही. अशा माणसांना इतकी वर्षे दुसरी सोयच नव्हती, कारण योजनेत इंटरनेट घातलेलेच असे आणि त्याचे पैसे त्यांनाही पडत. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम केला की नुसते बोलणे आणि निरोप यांची वेगळी योजना कंपन्यांनी ठेवलीच पाहिजे, आणि अशा योजनांची मुदत पूर्वीच्या ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ च्या जानेवारीत तशा योजना निघाल्या. ८४ दिवसांना साधारण साडेचारशे-पाचशे रुपये पडत होते. वर्षाचे घेतले तर आम्ही भरले ते १,८४९. दर बदलतात, तेव्हा घेताना आकडा विचारून घ्यावा. पण अशी योजना आहे हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही, जाहिरातीतही ती शोधावी लागते. "फक्त बोलण्याची द्या" असे आपणच म्हणावयाचे.

दुसरी गोष्ट त्या २८ दिवसांची. ३० दिवसांची एक योजना आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भरावयाची एक योजना, अशा दोन तरी प्रत्येक कंपनीने ठेवाव्यात असा नियम २०२२ च्या जानेवारीतच झाला आहे. ठरल्या तारखेची योजना विसराळू माणसाला बरी, कारण दुधाच्या बिलाबरोबर तिची आठवण होते.

आमच्या घरी मग असे ठरले. सासूबाईंचा फोन वर्षाचा, नुसत्या बोलण्याचा. मला भाजीवाल्याला फोनवरून पैसे द्यावे लागतात, त्याला इंटरनेट लागते, पण थोडे. म्हणून मी १९९ चे घेतले. घरी तर वायफाय आहेच. यजमानांनाही मी नुसत्या बोलण्याचे घ्या म्हणून पुष्कळ समजावले. परंतु त्यांना बागेतल्या बाकावर बसून बातम्या वाचावयाच्या असतात आणि मित्रांनी पाठवलेली चित्रे तेथेच पाहावयाची असतात. तेथे मी हरले. त्यांचे २९९ कायम. तिघांचे मिळून वर्षाचे ८,३२३ झाले, म्हणजे ३,३३८ वाचले. त्यांतून वन्संचे वर्षाचे १,८४९ एकदम भरून टाकले. उरले १,४८९. वर्षाचे एकदम भरणे प्रत्येकीला जमेलच असे नाही, हे मला कळते. ज्यांना जमेल त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तरी तसे भरावे. कारण विसरले तर आपण दुकानात धावू शकतो, ती धावू शकत नाहीत.

वायफायच्या डबीबद्दल एक सांगायचे राहिले. बहुतेक जोडण्यांत बोलण्याचा फोनही समाविष्ट असतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. डबीच्या मागे फोनच्या वायरीची खोबणी असते. आम्ही माळ्यावरचा जुना फोन काढून, पुसून तेथे लावला. सूर ऐकू आला, पण मोबाईल नंबर काही लागेना. दोन दिवस मी वायर हलवीत होते. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, आधी शून्य लावा." २०२१ च्या जानेवारीपासून घरच्या फोनवरून मोबाईलला करताना आधी शून्य लावावे लागते, हे मला माहीतच नव्हते. आता सासूबाई आरामखुर्चीत बसून त्यावरूनच माहेरी बोलतात. त्यांना तो काळा चोंगा हातात बरा वाटतो. वीज गेली की मात्र डबी बंद पडते, म्हणून मोबाईल काढून टाकावयाचा नाही.

आमच्याकडे पोळ्या करावयास येतात त्या बाईंचे एक गाऱ्हाणे होते की, फोनमध्ये दहा-वीस रुपये शिल्लक ठेवले की आपोआप जातात. पाहिले तर त्यांच्या नंबरावर गाण्याची ट्यून चालू होती. कधी तरी चुकून बटण दाबले गेले असेल, किंवा मुलांनी दाबले असेल. गंमत अशी की ती ट्यून त्यांनी स्वतः कधी ऐकलीच नव्हती, कारण ती फोन करणाऱ्याला ऐकू येते! मलाही त्यांचे गाणे रोज ऐकून वाटे की बाईंना हौस आहे. १५५२२३ या नंबरावर फोन करून अशी सेवा बंद करता येते. आम्ही तशीच केली. पैसे कोठे जातात हे समजतच नसेल, तर मागील सहा महिन्यांतील तपशीलवार हिशेब कंपनीकडे मागता येतो आणि त्याला पन्नास रुपयांहून अधिक आकार घेता येत नाही. प्रीपेडवाल्यांनाही तो हक्क आहे.

कंपनी बदलण्याविषयी पुष्कळजणी विचारतात. २०११ च्या जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. शहरात बदलावी, काही बिघडत नाही. परंतु वन्संच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, तीही पडवीच्या उत्तरेकडच्या खांबाशी. तेथे स्वस्त काय हा प्रश्नच नाही. माणूस जेथे राहते तेथे कोणाची रेंज आहे, हे शेजाऱ्यांना आधी विचारावे.

आणि जास्तीचा नंबर सोडून देण्याआधी थांबा, हे मी हात जोडून सांगते. गुरुवारच्या बैठकीत एका भगिनीने सांगितले की, तीन नंबरांपैकी एक तिने नुसता भरावयाचा सोडून दिला. तो बँकेला दिलेला होता. वापराविना बंद पडलेला नंबर कालांतराने दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि मग आपल्या पैशांचे निरोप त्या परक्या माणसाला जातात. सुदैवाने तिच्या वेळीच लक्षात आले. नंबर सोडावयाचा तर आधी बँक, आधार, गॅस, सगळीकडे नवा लावून घ्यावा. एक महिना थांबावे, मग सोडावा. आणि कोणी फोन करून "तुमचे कार्ड बंद होणार आहे, आलेला आकडा सांगा" म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. तेवढे बोलणेसुद्धा करू नये.

मागील वर्षापासून आम्ही चौघीजणी दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसतो. आतापर्यंत सव्वीस घरचे फोन पाहिले. काहींचे वर्षाला दोन हजार वाचले, काहींचे शंभरही नाहीत, आणि दोन घरी तर खर्च वाढला! कारण तेथे आजोबांचा फोन कित्येक महिने बंद होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. त्या दोन घरांचा वाढलेला खर्च आम्ही आमच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिला आहे. आमच्या हिशेबनीसबाईंना ते मान्य नाही. त्यांच्याशी माझे अजून भांडण चालू आहे.

वन्संचा हात आता बरा आहे, फक्त नारळ खवताना दुखतो म्हणतात. रोज दुपारी चार वाजता, चहाच्या वेळी, मी त्यांना फोन करते. त्या खांबाशी खुर्ची टाकून बसलेल्या असतात. पहिले दोन-तीन महिने त्या उचलताच विचारीत, "तूच ना? ती दुसरी बाई नव्हे ना?"

तर गुरुवारी दुपारी तीन ते पाच. येताना आपला फोन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन आणि शेवटच्या रिचार्जची चिठ्ठी किंवा निरोप आणावा. चष्माही आणावा, अक्षरे फार बारीक असतात.